पिकअपच्या टपावर कॅब लाइट स्वतः बसवताना: भोक, गंज आणि पाणी

मिशिगनकर

नमस्कार मंडळी.

गेल्या दोन शनिवार-रविवारी माझ्या २००६ च्या डॉज रॅम २५०० च्या टपावर पाच पिवळे दिवे बसवले. इकडे त्यांना कॅब लाइट म्हणतात. दिवे लागतायत, आणि मुख्य म्हणजे टप गळत नाही. खरं तर एवढ्यासाठीच हा धागा काढलाय. दिवे लावायचे व्हिडिओ ढिगाने सापडतात, काम दोन तासांचं दिसतं. पण टपाला भोकं पाडल्यावर पुढची पंधरा वर्षं त्यातून पाणी येऊ नये म्हणून काय करायचं, यावर फार कमी बोललं जातं. मी एकदा त्यात चांगलाच पोळलोय.

आधीच्या पिकअपला मी हेच काम केलं होतं. पाच भोकं पाडली, वायर ओढली आणि दिव्याच्या बुडाभोवती साधं पारदर्शक सिलिकॉन भरपूर फासलं. लावताना त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता, तिकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वर्षी बर्फ वितळायला लागल्यावर ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या अस्तरावर चहा सांडल्यासारखा डाग दिसला. अस्तर खाली घेतलं तर भोकाच्या कडेला तांबूस पापुद्रे सुटले होते. बोटाने दाबलं तर पत्रा चुरला. तो आंबूस वास ॲसेटिक ॲसिडचा. असलं सिलिकॉन सुकताना ते सोडतं आणि उघड्या लोखंडाला तिथल्या तिथे गंज चढवतं. त्यात हिवाळ्यात आमच्या रस्त्यांवर पडणारं मीठ. पाणी अडवायला जे लावलं त्यानेच पत्रा खाल्ला. ती गाडी डाग दाखवूनच विकली, पण मनाला लागायचं ते लागलंच.

मग पुन्हा हा उद्योग कशासाठी? आमच्या ढोल-ताशा पथकाचं सामान मी वीस फुटी बंद ट्रेलरमधून नेतो. ट्रेलर साडेआठ फूट म्हणजे १०२ इंच रुंद. इथल्या इंटरस्टेटवर खास परवान्याशिवाय याहून रुंद काही नेता येत नाही. ओढणारी गाडी त्यामानाने बरीच अरुंद. गेल्या सप्टेंबरात सरावाहून परतताना दोन पदरी रस्त्यावर धुकं होतं. समोरची एक गाडी ओव्हरटेक करायला माझ्या पदरात शिरली आणि अगदी शेवटच्या क्षणी आत वळली. तिला फक्त दोन हेडलाइट दिसत होते, मागे केवढं धूड येतंय ते दिसत नव्हतं. शेजारी बसलेली माझी मुलगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्याच रात्री ठरवलं.

आता थोडं नियमाचं. पाच दिव्यांची रांग एकसारखी दिसली तरी मधले तीन आणि कडेचे दोन यांची कामं वेगळी. मधले तीन ओळखीचे दिवे, म्हणजे ‘मोठी गाडी येतेय’ हे सांगणारे. कडेचे दोन रुंदी दाखवणारे. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानक क्रमांक १०८ प्रमाणे ८० इंच (२०३२ मिमी) किंवा त्याहून रुंद ट्रकला ते सक्तीचे आहेत, पुढे पिवळे आणि मागे लाल. मधल्या तिघांत केंद्र ते केंद्र ६ ते १२ इंच अंतर लागतं. फोर्डचा पहिला रॅप्टर पिकअप ८० इंचांच्या वर गेला, म्हणून त्याच्या पुढच्या जाळीत तीन पिवळे दिवे आले. माझ्या गाडीला सक्ती नाही. तरी लावायचेच तर नियमातल्या मापानेच लावायचे असं ठरवलं. मधलं अंतर ८ इंच ठेवलं, कडेचे दोन जमतील तितके बाहेर नेले. दिवे घेताना काचेवर एसएई (वाहनांची तांत्रिक मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) पी२ किंवा पी३ अशी खूण बघून घ्या. नुसत्या सजावटीच्या दिव्यांवर ती नसते.

पहिलं काम बॅटरी. डिझेल रॅमला बॅटऱ्या दोन असतात. एकीचीच निगेटिव्ह काढून उपयोग नाही, दुसरी गाडी जिवंत ठेवते. दोन्ही काढा.

मग अस्तर. सन व्हायझर, वरचा कन्सोल, धरायचे हँडल आणि पुढच्या दोन्ही खांबांची प्लास्टिक पट्टी काढली की अस्तराचा पुढचा भाग वीतभर खाली येतो. पूर्ण काढायची गरज नाही. पण ते पुठ्ठ्यासारखं असतं, एकदा घडी पडली की जन्मभर दिसते. मी सीटवर फोमचे दोन ठोकळे ठेवून त्यावर ते टेकवलं. अस्तर आधी उतरवायचं कारण असं की टपाला आतून आडव्या पट्ट्या असतात. भोक नेमकं पट्टीवर आलं तर दोन पत्रे फाडावे लागतात आणि मधल्या फटीत रंग पोचत नाही. आतून हात फिरवून पट्टी कुठे आहे ते बाहेरच्या मास्किंग टेपवर पेन्सिलीने आखून घ्या.

किटमध्ये कागदी साचा येतो, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. मी टपाचा मध्य तीनदा काढला. वायपरच्या मधून, मागच्या काचेवरून आणि दोन्ही पन्हाळ्यांपासून दोरी लावून. तिन्ही खुणा तीन मिलिमीटरच्या आत आल्या तेव्हा पुढे गेलो. दिव्यांची बुडंही एकसारखी नसतात. टपाचा बाक कडेला जास्त म्हणून बाहेरच्या दोघांचा आकार वेगळा, आणि डावं-उजवंसुद्धा वेगळं. आधी पाचही टेपने चिकटवून वीस पावलं लांब जाऊन बघा.

आणि भोक. सेंटर पंच मारला, तीन मिलिमीटरचं बारीक भोक पाडलं, मग स्टेप ड्रिल हळूहळू फिरवलं. ड्रिलच्या अंगावर टेप गुंडाळून खोली बांधून घेतली होती, नाहीतर पत्रा फाडून ते थेट अस्तरात घुसतं. भोक झाल्यावर कडेला चांदीसारखी चकचकीत रिंग दिसते. दिसायला छान, पण गंज तिथूनच सुरू होतो. बारीक कानशीने बर, म्हणजे भोकाच्या कडेला राहिलेली धारदार कंगोरी, काढली, आतून आणि बाहेरून. कापडाने पुसून एपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले, चित्रकलेच्या शून्य नंबरच्या ब्रशने, पत्र्याच्या जाडीवरसुद्धा. वर गाडीच्या रंगाचे दोन हात. प्रत्येक हातामध्ये सुकायला पूर्ण वेळ. दोन शनिवार-रविवार लागले ते यामुळेच. पहिल्यात भोकं आणि रंग, दुसऱ्यात दिवे. मधला आठवडा गाडी गॅरेजमध्ये, टपावर प्लास्टिक.

ड्रिलचा चुरा त्याच दिवशी शेवटच्या कणापर्यंत गोळा करा. टपावर राहिलेला चुरा एका रात्रीच्या दवात गंजतो आणि रंगावर नारिंगी ठिपके सोडतो. मी प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून फिरवलं, वर व्हॅक्यूम मारला, तरी दुसऱ्या दिवशी काचेच्या रबरात दोन कण सापडलेच.

सील करताना या वेळी सिलिकॉनला हात लावला नाही. ब्युटाइल टेप वापरली, ट्रेलरच्या टपाला लावतात ती मऊ काळी पट्टी. तिचा गोळा वळून प्रत्येक भोकाभोवती एक कडं आणि प्रत्येक स्क्रूखाली एक छोटी चकती. दिव्याच्या बाहेरच्या कडेला मात्र काही लावलं नाही. बरेच जण बाहेरून गोल फासतात. मग दिव्याखाली चुकून शिरलेलं पाणी तिथेच कोंडतं आणि भोकाची वाट शोधतं. अडवायचं ते भोकाशी, बाहेरची कड मोकळी. स्क्रूसाठी वेल नट वापरले, म्हणजे रबरात पितळी नट बसवलेला असतो तो. आवळला की रबर फुगून पत्र्याला घट्ट धरतं आणि धातू धातूला लागत नाही. हाताने आवळायचे, मशीनने अजिबात नाही.

वायरिंगबद्दल खाली जाणकार बोलतीलच. मी रिले लावला, म्हणजे थोड्याशा करंटने चालू-बंद होणारा स्विच. पार्किंग लाइटच्या वायरीवरून फक्त रिलेचं कॉइल चालतं, दिव्यांचा करंट बॅटरीकडून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून येतो. माझ्या गाडीला पडदा एअरबॅग, म्हणजे टपाच्या कडेतून खिडकीवर उघडणारी, नाही. ज्यांच्या गाडीला आहे त्यांनी खांबातून वायर नेताना ती एअरबॅगच्या मागून न्या, तिच्या उघडण्याच्या वाटेत कधीच नको. पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका.

आता परीक्षा. अस्तर वर चढवण्याआधी पाचही भोकांखाली टिश्यू पेपर चिकटवले, त्यावर पेन्सिलीने १ ते ५ आकडे घातले. मुलगी बाहेरून पाण्याचा पाइप धरून उभी, प्रत्येक दिव्यावर दहा मिनिटं. मी आत टॉर्च घेऊन. १, २, ३ कोरडे. ४ वर सातव्या मिनिटाला नाण्याएवढा ओला डाग उमटला. दिवा काढला तर आतल्या बाजूची बर एका ठिकाणी राहून गेली होती आणि तिच्यामुळे वेल नट तिरका बसला होता. कानस, प्रायमर, रंग, पुन्हा एक दिवस. दुसऱ्या वेळी वीस मिनिटं पाणी मारलं, कागद कोरडा.

कोणाला करायचं असेल तर जरूर विचारा.

तारवाला

दादा, मन लावून काम केलंय. मी इचलकरंजीत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, बावीस वर्षं झाली. टेम्पो, ट्रक, लक्झरी सगळं. कागद लावून पाणी मारायची पद्धत आमच्याकडे कोण करत नाही. मी उद्यापासून करणार.

एक विचारतो. पाच एलईडी मिळून अर्धा अँपिअरसुद्धा घेत नसतील. मग रिले कशाला? तेवढा भार पार्किंगची वायर आरामात उचलते. एक पार्ट वाढला की एक फॉल्ट वाढला, असं आमचे वस्ताद सांगायचे.

जोड कसे दिलेत? वायर न कापता टोचून बसणारी ती निळी क्लिप वापरली असेल तर आजच काढा. पाणी-मीठ लागलं की आत हिरवं होतं आणि सहा महिन्यांनी एक दिवा लागतो, एक लागत नाही.

मिशिगनकर

तारवाला, धन्यवाद. तुमच्यासारख्या माणसाने लिहिलं की बरं वाटतं.

एलईडीचा भार नगण्य आहे हे बरोबर. जुने १९४ नंबरचे बल्ब प्रत्येकी पाव अँपिअरच्या थोडं वर घेतात, पाचांचे सव्वा-दीड अँपिअर होतात. तेवढाही चालला असता. रिले लावण्याचं कारण वेगळं आहे. टपावरची वायर उन्हापावसात आणि थंडीत असते, कधीतरी ती कुठेतरी घासणार. ती पार्किंगच्याच सर्किटवर असेल आणि शॉर्ट झाली तर फ्यूज उडून मागचे टेल लाइटही जातात, आणि रात्री ट्रेलर घेऊन चाललेल्या माणसाला ते कळतही नाही. रिले आणि वेगळा फ्यूज असला की फार तर टपावरचे पाच विझतील. जोडणी नेहमीची. ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला दिवे, ८६ ला पार्किंगची वायर, ८५ अर्थ. रिले बॉनेटखाली, त्यामुळे केबिनमध्ये एकच वायर येते, तीही रबरी ग्रोमेटमधून.

जोड सगळे क्रिंप करून वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह. अर्थ टपावर स्क्रू मारून घेतली नाही, आणखी एक भोक कशाला! पाचही दिव्यांची काळी वायर एकत्र करून डॅशच्या आतल्या कारखान्याच्या अर्थ बोल्टला नेली.

तारवाला

पटलं. टेल लाइटचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. आमच्याकडे टपाचे दिवे सरसकट पार्किंगवरच टाकतात, आणि मग ‘मागचे दिवे जातात’ म्हणून तीच गाडी परत येते.

बाकीच्यांसाठी एक सांगतो. वायर ओढायच्या आधी पाचही दिवे टेबलावर बॅटरीला लावून तासभर चालू ठेवा. किटमधला एखादा दिवा हमखास खराब निघतो. टपावर बसवून कळण्यापेक्षा टेबलावर कळलेलं बरं.

श्री_वि

लेख आवडला, मेहनतीचं कौतुकच आहे. पण मनातली शंका स्पष्ट विचारतो. कायदा म्हणतो ८० इंचांखाली गरज नाही. ट्रेलरला स्वतःचे रुंदीचे दिवे असतातच, ते सक्तीचे आहेत. मग चांगल्या टपाला पाच भोकं पाडून नेमकं काय मिळवलं? टपाचे दिवे ट्रेलरची रुंदी दाखवत नाहीत, केबिनची दाखवतात. समोरच्याला उलट चुकीचा अंदाज येणार नाही का?

मिशिगनकर

श्री_वि, रास्त प्रश्न. ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्यांवर पिवळे दिवे आहेत, पण सरळ समोरून येणाऱ्याला ते हेडलाइटच्या झगमगाटात उशिरा दिसतात. मधले तीन रांगेत दिसले की इथल्या चालकाच्या डोक्यात एकच गोष्ट येते, मोठी गाडी. मला तेवढंच सांगायचं होतं. कडेच्या दोघांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते ट्रेलरची रुंदी सांगत नाहीत. तिच्यासाठी मी ट्रेलरचे कोपऱ्यांवरचे जुने मिणमिणते बल्ब बदलून नवे दिवे घातले आणि हेडलाइटचा खालचा झोत भिंतीवर मोजून नीट बसवला. ट्रेलर मागे लागला की गाडीचं नाक वर होतं आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आणि एक कारण असं आहे की ते मापात बसत नाही. आमचं घर शिरवळला, पुणे-सातारा हायवेला लागून. लहानपणी गच्चीवर झोपायचो तेव्हा खंबाटकी घाटाकडून येणाऱ्या ट्रकांच्या कपाळावरचे दिवे आधी दिसायचे, मग हेडलाइट, मग आवाज. आजोबा त्या दिव्यांवरून ट्रक की एसटी ते सांगायचे आणि सहसा चुकायचे नाहीत. परवा पहिल्यांदा दिवे लावून गाडी अंगणात उभी केली तेव्हा मी बराच वेळ समोर उभा होतो.

श्री_वि

समजलं. झोत मोजण्याचं पटलं, ते मी पण करणार आहे.

नीरजा_टेक्सास

वाचनखूण साठवली. मी पशुवैद्य आहे, घोड्यांचं काम. मोठा ट्रेलर रोजचाच. माझी गाडी २०१९ ची फोर्ड एफ-३५०. ज्यांच्याकडे २०१७ पासूनची सुपर ड्युटी (एफ-२५०, एफ-३५० वगैरे) आहे त्यांनी वरची कृती जशीच्या तशी करू नये, म्हणून लिहिते. तिची बॉडी ॲल्युमिनियमची आहे.

मी दिवे एका दुकानातून बसवून घेतले. त्यांनी लोखंडी रिव्हनट, म्हणजे पत्र्यात दाबून बसवायचे नट, ठोकले. दोन वर्षांत प्रत्येक दिव्याभोवती रंगाखाली बारीक फोड आले, भाजल्यावर त्वचेवर येतात तसे. फोड फोडला की आत पांढरी भुकटी. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम झिजतं. इथे तांबडा गंज दिसत नाही, त्यामुळे लवकर कळतही नाही. टप दुरुस्त करून घ्यायला दिव्यांच्या कितीतरी पट पैसे गेले.

दुसऱ्या वेळी मी स्वतः उभी राहून करून घेतलं. रबरी वेल नट, स्टेनलेसच्या स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर आणि ॲल्युमिनियमला चालणारा एपॉक्सी प्रायमर. कानस नवीकोरी घ्या. लोखंडावर वापरलेल्या कानशीत लोखंडाचे कण अडकलेले असतात, ते ॲल्युमिनियममध्ये रुततात. आणि मिशिगनकरांची चुंबकाची युक्ती इथे चालत नाही. चुरा ओल्या कापडानेच टिपावा लागतो.

दादा, मला एक सांगा, सनरूफ असलेल्या गाडीचं काय? माझ्या सहकाऱ्याला करायचंय.

मिशिगनकर

ताई, ही माहिती सोन्यासारखी आहे. वरच्या लेखात ‘फक्त पोलादी टपासाठी’ असं लिहायला हवं होतं, इथे ठळक लिहितो: माझी कृती पोलादी टपासाठी आहे.

सनरूफ असेल तर मी भोक पाडणार नाही. सनरूफच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून पाणी उतरवणाऱ्या नळ्या निघतात आणि पुढच्या दोन खांबांतून खाली जातात. आपले कडेचे दिवे त्याच भागात येतात. नळीला धक्का लागला तर पाणी थेट पायाशी. त्यांनी केबिनच्या मागच्या रॅकवर दिवे लावावेत. रॅक टपाच्या वर डोकावतो, पुढून दिसतो आणि भोक लागत नाही. हप्त्यावर नव्हे तर लीजवर घेतलेल्या गाडीलाही हाच सल्ला, परत देताना प्रत्येक भोकाचे पैसे मोजावे लागतात.

स्टुटगार्टवासी

थोडं अवांतर. युरोपातल्या नियमात हेच दिवे २.१० मीटरपेक्षा रुंद गाडीला सक्तीचे आहेत, १.८० ते २.१० मध्ये ऐच्छिक. पण इकडे पुढचा दिवा पांढरा असतो, पिवळा नाही. अमेरिकेतून गाडी आणणाऱ्यांची इथेच अडचण होते. एलईडीबद्दलही एक. बल्ब गरम होतो म्हणून त्यावरचा बर्फ वितळतो. एलईडी थंड राहतो, त्यावर बर्फ बसून राहतो. तुमच्याकडे त्रास होत नाही का?

मिशिगनकर

होतो. निघताना ब्रशने काच साफ करतो तेव्हा पाचही दिव्यांवर एक हात फिरवतो. ब्रशच्या कडक कडेने मात्र नाही, पहिल्याच हिवाळ्यात काचेला चरे पडतात.

उंचीचंही राहिलं. दिव्यांनी गाडी दीडेक इंच वाढते. इथल्या घरांच्या गॅरेजचं दार बहुतेक सात फुटी असतं. भोक पाडण्याआधी मोजा.

ऊसकरी

राम राम मंडळी. मी वाळवा तालुक्यातला. बोलेरो पिकअप आहे, भाजी सांगलीला नेतो आणि गळीत हंगामात ट्रॅक्टरही असतो. दादांचं वाचून टपावर पाच दिवे लावावेत असं फार मनात आलंय. पहाटे तीनला निघतो, नदीकाठाला धुकं लई असतं. आमच्याकडे पासिंगला अडवतील का? तारवाला दादा, तुम्ही जवळचेच, सांगा.

तारवाला

भाऊ, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. दिवे लावलेल्या गाड्या रस्त्यावर दिसतात म्हणजे चालतं असं नाही. तुमची गाडी मालवाहू, फिटनेसला जावीच लागते. आधी तुमच्या आरटीओत जाऊन विचारा, मग ड्रिल हातात घ्या. आणि ती पांढरी एलईडी पट्टी तर अजिबात नको. समोरचा आंधळा होतो. माझ्या दुकानात रोज एक जण ती मागायला येतो, मी लावून देत नाही.

धुक्यासाठी पैसे घालायचेच असतील तर आधी रिफ्लेक्टर टेप लावा. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. प्रमाणित घ्या, बाजारात नुसती चमकणारी स्टिकरं पण मिळतात. टेपला ना वायर, ना फ्यूज, ना भोक. पत्रा साबणाने धुऊन, पूर्ण सुकवून, मग चिकटवायची. धुळीवर लावली तर पहिल्या पावसात सुटते.

ऊसकरी

बरं झालं विचारलं. मग दिवे राहू द्या.

टेपचं नाव काढलं म्हणून सांगतो. दोन हंगामांपूर्वी माझा चुलतभाऊ मोटारसायकलवरून येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर, उसाचं वाडं खाली लोंबत होतं, त्यामागे होता नव्हता तो लाल तुकडाही झाकलेला. रात्रीचे आठ वाजले होते. मांडीचं हाड मोडलं, तीन महिने अंथरुणात होता. दिवे पुढचे असोत की मागचे, हा विषय निघाला की मला तेच दिसतं.

मिशिगनकर

ऊसकरी, वाचून अंगावर काटा आला. भाऊ आता कसे आहेत?

ट्रॉलीसाठी एक सुचवतो. टेप ट्रॉलीच्या पत्र्यावर लावली तर वाडं झाकणारच. मागच्या आडव्या पट्टीच्या खाली, चाकांच्या उंचीला, एक वेगळी लोखंडी पट्टी वेल्ड करून तिच्यावर लाल टेप लावली तर ऊस कितीही लोंबला तरी ती उघडी राहील. तारवाला, हे बरोबर आहे का?

तारवाला

बरोबर. फक्त पट्टी दोन टोकांना दोन असू दे, मध्ये सलग नको. शेतातल्या बांधावर आपटून वाकते. आणि चिखल उडतो, त्यामुळे कारखान्यावर वजन करून रिकामी ट्रॉली निघाली की एक फडकं मारायचं.

ऊसकरी

भाऊ चालतो आता, पण जड उचलता येत नाही.

काल पट्ट्या वेल्ड करून घेतल्या. माझ्या ट्रॉलीला आणि शेजारच्या दोन ट्रॉल्यांना. सहा पट्ट्या, दोन तास. रात्री भरलेली ट्रॉली रस्त्याकडेला लावून मी मोटारसायकलवरून लांब गेलो आणि परत आलो. ओढ्याच्या पुलापासून दिसतं. आधी ट्रॉलीजवळ पोचल्यावर दिसायचं.

नीरजा_टेक्सास

ऊसकरी, हे वाचून फार बरं वाटलं.

मिशिगनकर, हिवाळा संपला की टपाचं काय झालं ते नक्की लिहा.

मिशिगनकर

ताई, मार्च संपला म्हणून लिहितोय. या हिवाळ्यात गाडी मिठातून रोज गेली. काल ४ नंबरचा दिवा मुद्दाम काढला, तोच एकदा गळला होता म्हणून. ब्युटाइलचं कडं अजून मऊ आहे, ओढलं तर तार निघते. बाहेरच्या कडेला मिठाची पांढरी रेघ आहे, कड्याच्या आत नाही. भोकाची कड रंगवली होती तशीच काळी, बोट फिरवलं तर गुळगुळीत. आत चिकटवलेला टिश्यू तसाच ठेवला होता. त्यावरचा पेन्सिलीचा ४ अजून स्पष्ट वाचता येतोय. नवीन ब्युटाइल लावून दिवा परत बसवला. बाकीचे चार उघडले नाहीत.